सतरा नंबरच्या ट्रॉलीची पिन

अहो, ऐकलंत का? या जरा अशा कुंपणाजवळ. हळू बोलते, आत्याबाईंची सून मागच्या दारी दुपटी वाळत घालतेय. तुम्ही नेमक्या काल अंबाजोगाईला गेलात, योगेश्वरीच्या दर्शनाला, आणि इकडे त्यांच्या घरी हळदीकुंकवाला हे रामायण! चुकवलंत बाई.

सुनेचं लेकरू तर तुम्हाला ठाऊकच आहे. सात महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, झटके येतात. संभाजीनगरला एमआरआय काढला तर मेंदू गुळगुळीत निघाला. अक्रोडासारख्या वळ्या असतात ना, त्या जवळजवळ नाहीतच. तेव्हापासून आत्याबाईंचं एकच पालुपद, "ग्रहणात इळीवर बसली व्हती. म्या नगं म्हणत व्हते." काल चार बायकांत पुन्हा तेच काढलं. सून मान खाली घालून लेकराच्या पायातला मोजा नुसता वर ओढतेय, पुन्हा खाली करतेय... मला तर तिळगूळ गिळवेना.

तर काय सांगत होते, हां, माझ्या धाकट्या जावेची लेक. मुंबईला बायॉलॉजी शिकते ती. तोंडातून शब्द निघायचा नाही तिच्या, पण काल हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणते, "आजी, ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"आठव्यात."

"मग ग्रहणाला उशीरच झाला की. टोळ्या तिसऱ्या महिन्यात निघतात, सहावा सरेपर्यंत बहुतेक सगळ्या पोचलेल्या असतात."

टोळ्या म्हटल्याबरोबर आत्याबाईंची मान वर! होणारच हो. मालक पंचवीस वर्षं ऊसतोडीच्या टोळ्यांचे मुकादम, आणि बाई स्वतः कोल्हापूर-सांगलीच्या फडात कोपीत राहिलेली. दसरा झाला की आपल्या गल्लीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात, हे तुम्हाआम्हाला काय सांगायला हवं? पण पोटातल्या लेकराच्या डोक्यातही टोळ्या निघतात, हे मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणे मेंदूच्या पेशी आत, पोकळीच्या काठाशी जन्मतात, आणि राहायचं असतं बाहेरच्या सालीत. वाट लांब. मग आतून बाहेरपर्यंत ताणलेल्या दोरासारख्या लांबलचक पेशी असतात, त्यांना धरून धरून या चढतात. साल जाडीला दोन ते चार मिलिमीटर, त्यात सहा थर. आणि गंमत ऐका. आधी निघालेली टोळी आतल्या थरात उतरते, मागून आलेली तिला ओलांडून पुढे जाते. म्हणजे आपल्या एसटीच्या अगदी उलट, आधी चढलेल्याला मागची सीट!

आत्याबाई म्हणाल्या, "आन् कुठं उतरायचं त्ये कोण सांगतंय?"

अहो, तोच तर प्रश्न! पोरीचे डोळे असे चमकले म्हणता... सालीच्या अगदी वरच्या कडेला काही पेशी बसलेल्या असतात, त्या रीलिन नावाचं प्रोटीन सोडतात. तोच मुकादम म्हणा. 1951 साली तिकडे एडिंबराला एका उंदराची हकिगत छापून आली. चालताना झोकांड्या खायचा, म्हणून त्याचं नाव रीलर. त्याच्या मेंदूत थरांची उलटापालट, मागून येणाऱ्या टोळ्या पुढे जायच्या त्या खालीच अडकलेल्या. कुठला जीन बिघडलाय, तर हाच रीलिनचा, हे सापडायला मात्र 1995 उजाडलं. "चव्वेचाळीस वर्षं मुकादम सापडंना व्हय!" आत्याबाई फस्सकन हसल्या. आमच्याकडे बघून पुन्हा तोंड आवळलं ते सोडा, पण हसल्या.

आणि हे सगळं साता समुद्रापारचंच आहे असं समजू नका. मुंबईत कुलाब्याला टाटा इन्स्टिट्यूट आहे ना, तिथे शुभा टोळे म्हणून बाई आहेत. आडनाव टोळे आणि शोध टोळ्यांचा, आता बोला! त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 2007 साली उंदराच्या गर्भात पेशींचा एक लोंढा शोधला. मेंदूच्या मागच्या अंगाला निघून चालत चालत जातो कुठे, तर भीतीशी नि वासाशी नातं असलेल्या, बदामासारख्या दिसणाऱ्या भागात. तिथून असा लोंढा निघतो हे आधी कुणाच्या ध्यानात नव्हतं. 2014 चा इन्फोसिस पुरस्कार मिळालाय त्यांना. शिवाय कथक नाचतात म्हणे! मास्तरीणबाईंनी यावर "संसार कधी करतात?" असं विचारलंच. त्यांना विचारल्याशिवाय राहवत नाही. कुणी उत्तर दिलं नाही.

तर काय सांगत होते... सून उठली. आत गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. तर कपाटातल्या साडीच्या घडीतून कागद घेऊन आली, चार घड्या घातलेला. लेकराच्या रक्ताचा रिपोर्ट, पुण्याहून आलेला. सगळा इंग्रजीत, घरात कुणी धड वाचलेलाच नाही बघा. पोरीने वाचला. सतराव्या गुणसूत्रावरचा लिस वन नावाचा जीन. हा 1993 सालीच सापडलाय, याच गुळगुळीत मेंदूच्या आजारात.

"ह्यो बी मुकादमच का?"

"नाही आजी. पेशी चालते कशी, तर आधी एक लांब हात पुढे टाकते, मग मागून आपलं केंद्रक ओढून घेते. त्या ओढण्याच्या यंत्राला हा लिस वन लागतो. मुकादम हजर आहे, रस्ता आहे, पण..."

"ट्रॅक्टर हाय आन् ट्रॉलीची पिन न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

अहो, पोरगी बघतच राहिली!

"दोन पिना असतात, आजी. एक आईकडून, एक बापाकडून. या लेकराची एकच धड आहे. तेवढ्यावर ओढ पुरत नाही, टोळ्या अर्ध्या वाटेत बसतात. सहाच्या जागी चार जाडजूड थर होतात, मग वळ्या पडत नाहीत."

आता खरी गोष्ट. आत्याबाईंनी सुनेकडे बघत विचारलं, "मोडकी पिन कुणाकडची?" सगळ्या गप्प. बाहेर दळणवाल्याची सायकल गेली तेवढाच आवाज. पोरीने कागदावर बोट ठेवलं. आईबापाचंही रक्त तपासलंय, दोघांतही हा दोष नाही. बीज धरतानाच नवा घडलेला. या जीनचं बहुतेक वेळा असंच असतं म्हणे. विळी नाही, ग्रहण नाही, माहेर नाही.

आत्याबाईंचा चेहरा असा उतरला! पदराने तोंड पुसलं, घाम नव्हता तरी. मग काही न बोलता हात पुढे केले आणि लेकरू सुनेच्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं. मान नीट धरून हो, तळव्यात. मोजा सुनेच्याच हातात राहिला.

बरं, पिन काही आता बसवता येत नाही, हेही पोरीने सांगितलं. झटक्यांच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि व्यायाम करून घ्यायचा, एवढंच हातात. तेही आत्याबाईंनी ऐकून घेतलं.

आणि आज सकाळी गिरणीत काय ऐकते मी! कुणीतरी ग्रहणाचा विषय काढला, तर आत्याबाई केवढ्यांदा, "गिराण-बिराण काई न्हाई! सतरा नंबरच्या ट्रॉलीची पिन हाय ती. आन् कुणाच्या घरची न्हाई, वाटंतच तुटली." गिरणीवाला पिठाने माखलेला, आ वासून उभा. त्याला वाटलं, यांच्या ट्रॅक्टरला अपघात झाला...

थांबा, गप्प. आली ती.