दहा येनांची माफी

2016 साली जपानमध्ये ‘गारीगारी-कुन’ या बर्फाच्या कांडीची किंमत 60 येनांवरून 70 येन झाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच! कंपनीने त्यासाठी टीव्हीवर जाहिरातच दिली. कारखान्यासमोर वरिष्ठांपासून कामगारांपर्यंत सगळे रांगेत उभे, आणि गंभीर चेहऱ्याने कमरेत वाकून माफी. बाकीच्या कंपन्या जास्त धोरणी. त्यांनी किंमत तीच ठेवली आणि पुड्यातला माल हलका केला. तिकडे याला चोरटी दरवाढ म्हणतात. तिला वाकावं लागत नाही.

गंमत अशी, की तिथल्या मध्यवर्ती बँकेला महागाई हवीच होती. 2013 पासून तिने दोन टक्क्यांचा नवस बोलला, नोटांचा अभिषेक केला. देव काही पावेना. मग 2022 मध्ये महागाई आपणहून आली, युद्धाचं तेल आणि पडलेला येन पाठीशी घेऊन, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरली. पगार दारातच चपला शोधत राहिले.

2025 पर्यंत तांदूळ वर्षभरात दुप्पट झाला. पाच किलोला चार हजार येनांच्या वर. तेव्हा कृषिमंत्री ताकू एतो भर सभेत म्हणाले, आपण तांदूळ कधी विकत घेतलेलाच नाही, समर्थक भरपूर आणून देतात. (जपानी माणूस स्पष्ट बोलत नाही असं कोण म्हणतं?) तीनच दिवसांत मंत्रिपद गेलं. सरकारने गोदामातला जुना तांदूळ स्वस्तात काढला, आणि त्यासाठी लोक भल्या पहाटे, अर्थातच शिस्तीत, रांगेला लागले.