टिकाऊ व्यायामसाहित्य : निवड आणि निगा

घरी आणलेले व्यायामाचे साहित्य वापरून झिजत नाही; पडून पडून खराब होते. म्हणून निवड करताना ते किती वापर सोसेल यापेक्षा किती दुर्लक्ष सोसेल, हे आधी पाहावे.

या कसोटीवर लोखंडाचा पहिला नंबर लागतो. बिडाचे डंबेल सहसा तुटत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत गंजते, इतकेच. रबर चढवलेले षट्कोनी डंबेल सहसा गंजत नाही आणि कॉटखाली घरंगळतही नाही. प्लास्टिकच्या कवचात सिमेंट भरलेली वजने टाळावीत. वजन किती घ्यावे हे दंड पाहून ठरवायचे असते, ठरते मात्र पाहुणे डोळ्यांसमोर ठेवून. प्रस्तुत लेखकाच्या दिवाणखान्यात 20 किलोची जोडी याच हिशेबाने आली. ती नेमाने उचलतात फक्त फरशी पुसणाऱ्या मावशी. चार घरांत मिळून त्यांच्या किती उठाबशा होतात, हे कुठले घड्याळ मोजत नाही आणि गुडघे कुरकुरले तर त्यांच्याकडे हमीपत्र नसते. कष्ट टळलेल्या माणसालाच वजने विकत घ्यावी लागतात.

लेटेक्सचे पट्टे स्वस्त असतात, पण ऊन आणि उष्णतेने त्यांना भेगा पडतात. ताणण्यापूर्वी ते तपासावेत. तुटलेला पट्टा आधी मालकाचाच समाचार घेतो.

बाकाच्या चौकटीचा पाइप गेजमध्ये मोजतात. आकडा मोठा तितका पत्रा पातळ : 14 गेज म्हणजे सुमारे 2 मिलिमीटर, 16 गेज म्हणजे सुमारे 1.6. वजनमर्यादा पाहताना हातातल्या वजनात स्वतःचेही मिळवावे. तेही आजचे, लग्नातले नव्हे.

ट्रेडमिलचा विषय निघाला की थोडे इतिहासात शिरावे लागते. 1818 साली इकडे पेशवाई बुडाली आणि तिकडे इंग्लंडात विल्यम क्युबिट या अभियंत्याने तुरुंगासाठी पायचक्की आखली. फिरत्या दंडगोलाच्या पायऱ्या कैदी तासन्‌तास चढत आणि वर कधीच पोचत नसत. त्या चक्क्यांना धूळ खायला सवडच नव्हती. त्याच शेवटच्या पेशव्याच्या, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या वाढवली. एरंडेल चोपडलेला लाकडी खांब. मोटर नाही, पट्टा नाही, हप्ता नाही. टिकाऊपणात त्याला तोड नाही. अडचण एकच : फ्लॅटमध्ये त्याच्या बोंडावर उभे राहिल्यास डोके वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात निघते. तेव्हा मराठी माणसाने खांब सोडला आणि इंग्रजांची शिक्षा हप्त्यांवर घेतली.

ती घेताना मोटरची कमाल अश्वशक्ती न पाहता सलग मिळणारी पाहावी, पट्ट्याखाली सिलिकॉन तेल अधूनमधून द्यावे आणि दुरुस्तीला येणारा माणूस गावातच आहे ना, याची खात्री करावी. हमी नीट वाचावी. कधीच न मोडणाऱ्या चौकटीला ती आयुष्यभराची असते, मोटरला काही वर्षांची आणि आधी बिघडणाऱ्या सुट्या भागांना सर्वांत थोडी.

जुने सामान हाही चांगला पर्याय आहे. जुनी मोटारगाडी विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. व्यायामाचे यंत्र विकणारा मात्र 'फारसे वापरलेले नाही' म्हणतो, तेव्हा बहुधा खरे बोलत असतो. तरी पट्टा चालवून पाहावा, नटबोल्ट पिळून पाहावेत आणि उचलायला दोन धडधाकट माणसे सोबत न्यावीत.