वीस अंश, मुक्काम धुळे

घरी रोल धुणाऱ्या माणसाला आपण कलावंत असल्याचा संशय फार लवकर येतो. मला पहिला रोल टाकीत शिरण्याआधीच आला. त्या भरात लाल बल्ब आणला. फिल्मला लाल उजेडही सोसत नाही, मिट्ट काळोखच लागतो. लाल दिवा चालतो तो कागदावर प्रिंट काढताना. ठाऊक होतं, तरी आणला. न्हाणीघराच्या दाराखालून तांबडा उजेड झिरपला की पाहुण्यांवर छाप पडते.

खरी अडचण मे महिन्याची. कोडॅकचं डी-७६ हे डेव्हलपर १९२७ सालचं, ते वापरायचं २० अंशांना. धुळ्यात मेमध्ये २० अंश फक्त फ्रिजात सापडतात. पाणी फार तापलं तर फिल्मवरचं जिलेटिन फुगून मऊ पडतं आणि नवरदेवाचा चेहरा सोलून निघतो. म्हणून मी माठाला शरण गेलो.

माठाबद्दल मात्र मला सविस्तर बोलू द्या. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी उडून जाताना आतली उष्णता घेऊन जातं. हवा कोरडी असेल तितकं हे काम झपाट्यानं. मुंबईत माठ नुसता घामेजून बसतो. कर्तबगारी दाखवतो तो आमच्या खान्देशी लाहीत. काळा घ्यावा की लाल, तिवईवर ठेवावा की वाळूत, ओलं फडकं गुंडाळावं का, यावर मी तासभर बोलू शकतो. फोटो दाखवायची वेळ आली की बोलतोच.

माठातलं पाणी घमेल्यात, त्यात रसायनांच्या बाटल्या, वर बर्फ. आई विचारते, “पेवानं पानी फोटूले पाजस का रे भाऊ?” नळ रोज येत नाही त्या घरात याला उत्तर नसतं.

मग मी छायाचित्रकार केकी मूसांचं नाव पुढे करतो. चाळीसगाव स्टेशनाजवळच्या बंगल्यात जवळपास अर्धं शतक स्वतःला कोंडून घेऊन, टेबलावर वस्तू मांडून अख्खे देखावे उभे करणारा हा माणूस १९८९ मध्ये गेला. त्यांचा विषय काढा, जो तो पंजाब मेलनं येणार होती आणि जिची ते वाट पाहत राहिले त्या मुलीची गोष्ट सांगतो. मला त्या गोष्टीचा आता राग येतो. चाळीसगावचा उन्हाळा काही धुळ्याहून थंड नाही. त्यांनी रसायनं गार कशी ठेवली, वाळत्या निगेटिव्हवर धूळ कशी बसू दिली नाही, हे कुणी विचारत नाही. गाडी येऊन जायला वेळ तो किती लागतो? उरलेला सगळा दिवस माणूस काम करत होता.

हे मी आईला कळवळून सांगितलं. तिनं दोरीवरची निगेटिव्ह उजेडाकडे धरली. पांढरे केस काळेभोर झालेले बघून खूश झाली. प्रिंट काढू नकोस म्हणाली, आणि माठ भरून ठेव.