उताराची तजवीज

सरकारी नोकरीत 34 वर्षे पायरीपायरीने वर चढून, आणि प्रत्येक पायरीवर एकेका वरिष्ठाची मर्जी सांभाळून, अव्वल कारकुनाच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेल्या मनुष्यास वयाच्या 59व्या वर्षी सायकलीवर बसून डोंगर उतरण्याची इच्छा व्हावी, हे वरकरणी विपरीत दिसेल. परंतु जन्मभर ज्याने नुसती चढणच पाहिली, त्याला उताराचा मोह पडणे हे मला तरी न्यायाला धरूनच वाटते.

ह्या मोहाचा उगम माझ्या भाच्याच्या मोबाइलात आहे. गणपतीत आरती आटोपून आम्ही प्रसादाची वाट पाहत बसलो असता त्याने मला एक चित्रफीत दाखविली. तीत चिलखतासारखा पोशाख केलेला एक इसम, पाठीमागे सावकार लागला असावा अशा वेगाने, दगडधोंड्यांतून आणि झाडांच्या मुळांवरून सायकल हाकीत खाली येत होता. "मामा, ह्याला डाउनहिल म्हणतात," भाचा म्हणाला. मी अस्सल पुण्यातला, म्हणजे सायकलीवरच लहानाचा मोठा झालेला. दिवा नाही म्हणून हवालदाराने चाकाची हवा सोडल्याचा अपमान मी दोनदा गिळलेला आहे. तेव्हा सायकल ह्या विषयात मला नवे काही शिकण्यासारखे उरले असेल, ही कल्पनाच मला त्या वेळी शिवली नाही.

प्रस्ताव कुटुंबापुढे ठेवला. आमच्या घरी खर्चाची कागदपत्रे तोंडीच चालतात, पण दप्तरदिरंगाई मात्र कचेरीइतकीच होते. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता 45,000 रुपयांस मंजुरी मिळाली, आणि तीवर शेरा पडला तो असा : "आधी डोकं, मग गुडघे, मग कोपरं. त्यातून काही उरलं तर सायकल." ह्या विषयाचे एक अक्षरही न वाचता ती बाई जिथे पोचली, तिथे पोचायला मला पुढे दोन महिने लागले.

पहिल्याच दुकानात आतल्या दालनात, देव्हाऱ्यातल्या मूर्तीप्रमाणे प्रकाश सोडून, खरीखुरी डाउनहिल सायकल उभी केलेली होती. तिच्या पुढच्या फोर्काची दोन्ही अंगे हँडलापर्यंत वर गेलेली, आणि तो 200 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, आत दबणारा. मागच्या चाकालाही तितकाच दबणारा शॉक. फोर्क असा पुढे रेललेला की सायकल तक्क्याला टेकून बसल्यासारखी दिसावी. तीव्र उतारावर पुढचे चाक स्वारापासून जितके दूर, तितका स्वार हँडलावरून उडण्याचा संभव कमी, हा त्या रेलण्यातला हिशेब मला भाच्याने समजावून दिला. बाकी तिला मडगार्ड नव्हते, कॅरिअर नव्हते, स्टँड नव्हता, घंटी नव्हती, दिवा नव्हता, साखळीवर झाकणही नव्हते. आणि किंमत साडेचार लाख होती. माझ्या तरुणपणी ह्यांतली एकेक वस्तू बसवून घेतली की सायकलीची किंमत वाढत असे. आता एकेक काढून टाकली की वाढते.

"आणि ही चढावर कशी चालते?" मी पृच्छा केली.

"ही चढावर चालवायची नसते, काका," विक्रेता अत्यंत सौजन्याने म्हणाला, "वर गाडीतून न्यायची."

युरोपातील डोंगरांवर हिवाळ्यात बर्फावर घसरणाऱ्यांसाठी जे पाळणे टांगलेले असतात, तेच उन्हाळ्यात असल्या सायकली शिखरावर नेतात, हे मला ठाऊक होते. आमच्या बोपदेव घाटाकडे पाळणा फक्त जत्रेत येतो. साडेचार लाखांची सायकल उतरायला, आणि तिला वर न्यायला एक टेम्पो, ही तरतूद माझ्या निवृत्तिवेतनाच्या कक्षेबाहेरची होती.

परंतु ह्या खेळाचा पूर्वेतिहास चाळला तेव्हा माझा धीर परत आला. कॅलिफोर्नियात मरिन परगण्यात, फेअरफॅक्स गावाजवळ, काही तरुण मंडळी भंगारात गेलेल्या 1930-40च्या सुमाराच्या जाड टायरांच्या सायकली किरकोळ किमतीला विकत घेत आणि डोंगरातल्या कच्च्या वाटेने खाली सोडीत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी घड्याळ लावून पहिली शर्यत भरविली; सुमारे 2 मैलांच्या वाटेत 1,300 फुटांची उतरण. त्या दिवशी जिंकला तो गृहस्थ, सर्वांत वेगवान होता म्हणून नव्हे, तर न पडता खाली पोचणारा तो एकटाच निघाला म्हणून. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच असे आणि पॅडल उलटे दाबले की लागे. एका उतरणीत तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली पोचल्यावर तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. त्या ग्रीस भरण्यावरूनच त्या शर्यतीचे नाव 'रिपॅक' पडले. म्हणजे ज्या खेळाची सायकल आज साडेचार लाखांना विकली जाते, त्याचे मूळपुरुष जुन्या बाजारात घासाघीस करणारे होते! हे वाचून मला आमच्या घराण्याचाच कोणी दूरचा पुरुष सापडल्यासारखे वाटले. आणि दुसरीही एक गोष्ट ध्यानी आली, ती अशी की डोंगर उतरायला दमडी लागत नाही. ते काम पृथ्वी विनामूल्य करते. पैसा लागतो तो थांबायला.

ही गोष्ट ध्यानी येऊनही मी दुसऱ्या दुकानात भुललोच. तिथे 14,000 रुपयांत पुढेमागे दोन्हीकडे स्प्रिंग असलेली, लाल-पिवळ्या पट्ट्यांची, 'डबल शॉक' म्हणविणारी सायकल होती. बसून पाहिले. प्रत्येक पॅडलाला ती खाली वाकून मला नमस्कार करी, आणि माझ्या पायातले अर्धे बळ त्या नमस्कारातच खर्ची पडे. शिवाय मागची स्प्रिंग वाड्यातल्या जुन्या झोपाळ्यासारखी करकरत होती. तरीही मी पैसे मोजले असते. परंतु करारातला बारीक मजकूर आधी वाचण्याची 34 वर्षांची खोड आड आली. सीटखालच्या नळीवर एक चिठ्ठी चिकटविलेली होती, तीत इंग्रजीत लिहिले होते की, सदर सायकल कच्च्या रस्त्यावर अथवा उड्या मारण्यासाठी वापरू नये. डोंगराचे सोंग घेतलेल्या सायकलीला डोंगराची बंदी! थोड्या पैशांत जितक्या जास्त स्प्रिंगा मिळतील तितकी फसवणूक मोठी, असा मी माझ्यापुरता ठराव केला, आणि मागे शॉक नसलेली, फक्त पुढे बऱ्यापैकी फोर्क असलेली सायकल, जिला 'हार्डटेल' म्हणतात, तीही जुनी घ्यावी, ह्या निर्णयाला आलो.

जुन्या सायकलींची पाहणी हा मात्र माझ्या हातचा विषय निघाला. भूमी अभिलेखांत मोडी कागद वाचताना जे भिंग वापरीत असे, ते मी खिशात घालून निघालो. पहिली सायकल एका संगणकवाल्या तरुणाची होती. "काका, एकदाही पडलेली नाही," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याने जो हात छातीवर ठेवला, त्याच्या कोपराला सात टाके होते. मी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलविली. हँडलाच्या मुळाशी टक्‌ असा आवाज आला. फोर्काच्या चकचकीत नळीवरून नख फिरविले. नख दोन ठिकाणी अडकले. तिरप्या दांडीच्या पोटाशी, पुढच्या जोडाच्या लगत, एक कवटीचे चित्र चिकटविलेले होते. साऱ्या सायकलीवर तेवढेच एक चित्र, आणि तेही जिथे कोणाची नजर जाणार नाही अशा जागी, हे मला संशयास्पद वाटले. वारसाच्या नावावर शाईचा डाग नेमका पडलेला असतो, त्या जातीचे ते चित्र होते. कोपरा उचलून भिंग धरले. रंगाला केसाएवढी चीर होती आणि ती जोडाकडे गेली होती. मी चित्र पुन्हा जागच्या जागी दाबून बसविले आणि चहा न घेता उठलो.

चौथी सायकल पसंतीस उतरली. फोर्क 120 मिलिमीटरचा, नळ्या निर्मळ, मागचे चाक किंचित आउट, ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने चकती फिरवावी तशा सहजतेने सरळ केले. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने पकडणारे, आणि चाकाच्या मध्याशी असलेली त्यांची तबकडी फुलक्याएवढी. हिशेब असा जमला : तोंड झाकणारे हेल्मेट 7,000, गुडघे व कोपरे 2,500, सायकल, दोन तास घासाघीस होऊन, 31,000, नवे टायर, ब्रेकचे पॅड आणि तेल 4,500. एकूण 45,000, शिल्लक शून्य. अंदाजपत्रक आणि खर्च ह्यांची इतकी तंतोतंत मिळवणी माझ्या उभ्या नोकरीत कधी झाली नव्हती.

बोपदेव घाटापलीकडच्या माळावर भाच्याने मला एक सौम्य उतार नेमून दिला आणि बजावले, "मामा, ब्रेकला एकच बोट." परंतु माझी मूठ जुन्या सळईच्या ब्रेकांवर घडलेली. ते चारही बोटांनी आवळावे, देवाचे नाव घ्यावे, आणि पुढच्या चौकात थांबावे. अर्ध्या उतारावर एक शेळी आडवी आली आणि हाताने जुन्या वळणाप्रमाणे मूठ आवळली. सायकल जागच्या जागी उभी राहिली. मी मात्र तसाच पुढे, करवंदीच्या जाळीपर्यंत गेलो.

शेळ्या राखणारा म्हातारा शांतपणे जवळ आला. त्याने मला उठविले, सायकल उभी केली, स्टँड शोधला, तो नाही असे पाहून ती पुन्हा निजविली, आणि किंमत विचारली. मी खरी सांगितली. "तेवढ्यात चार शेरडं आली असती," तो म्हणाला, आणि आपल्या शेरडांकडे पाहिले. ती त्याच उतारावरून, एकही न पडता, चरत चरत खाली चालली होती.

रात्री कुटुंब दिव्याखाली चिमटा घेऊन माझ्या पाठीतले काटे काढीत होते. हेल्मेटला एक ओरखडा, गुडघे शाबूत, कोपरे शाबूत. ज्या भागासाठी तरतूद केली नव्हती तेवढाच जायबंदी झाला होता.

"ब्रेक लागला का?" तिने विचारले.

"लागला. म्हणूनच तर पडलो."

"मग पैसे वाया गेले नाहीत," ती म्हणाली, आणि सतरावा काटा बशीत टाकला.