सेल्फ मारून बघ!

विनिपेग, २० जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, परवापासून तुमचे चार फोन झाले. चौथा इथल्या पहाटे साडेतीनला, तुमच्या दुपारच्या चहाच्या वेळी. तर पुन्हा एकदा सांगतो : गाडी सुरू झाली, आम्ही चौघे ठणठणीत आहोत. बाकीचं कागदावर लिहितोय, कारण आईची तक्रार आहे की फोन तुम्हीच धरून बसता. ओट्याशी उभा आहे. वरण लावलंय, एक शिट्टी झाली.

आई, बेबीमावशीला सांग, सुमीसाठी इथला मुलगा मी 'बघून' येणार नाही. तो टोरंटोला राहतो. सांगलीहून उठून दिल्लीला मुलगा बघायला जाण्यापेक्षाही ते लांब आहे. आणि नानाकाकांनी शेजाऱ्यांच्या आंब्याची फांदी तोडलीच का? एप्रिलपर्यंत थांबले असते तर कैऱ्या तरी मिळाल्या असत्या.

हां, गाडी. इथे गाड्यांच्या तोंडातून प्लगची वायर लोंबत असते. पहिल्या वर्षी चिनूला वाटलं, सगळ्या विजेवरच्याच गाड्या. उणे तीसला इंजिनातलं ऑइल काकवीसारखं होतं आणि बॅटरीत निम्मासुद्धा जीव राहत नाही. म्हणून इंजिनाच्या पोटात चारेकशे वॅटचा हीटर असतो. पार्किंगमध्ये प्रत्येक जागेपाशी खांब, खांबाला सॉकेट. आपण म्हशीला दावणीला बांधतो तशी रात्री गाडी बांधायची.

आमच्या इमारतीचा नियम असा, की गाडी जागेवर नसताना वायर खांबाला लटकती ठेवायची नाही. रोज गुंडाळून बरोबर न्यायची. त्या थंडीत वायर वेताच्या छडीसारखी ताठ होते, गुंडाळणार काय कपाळ! सोमवारी मुक्ता घाईत तशीच गेली. संध्याकाळी वायर गायब आणि दारावर चिठ्ठी : आपली वायर ऑफिसात सुखरूप आहे, तीस डॉलर भरून घेऊन जावी. सुखरूप! जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखी. ऑफिस पाचला बंद झालेलं. रात्री पारा उणे एकतीस. दुसरी वायर आणावी तर तीही तीस डॉलरची, म्हणून मी म्हटलं, एका रात्रीनं काय होतंय?

सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टिक्-टिक्-टिक्. पुढचं तुम्ही व्हिडिओवर ऐकलंतच. "फोन बॉनेटपाशी धर. आता दिवे लावून सेल्फ मार. मंद झाले? मग प्लग-बिग बघू नकोस. घुर्र-घुर्र फिरून धरत नसती तर पेट्रोल नाहीतर करंट म्हटलं असतं. ही बॅटरी." बारा हजार किलोमीटरवरून, नुसत्या कानानं! मुक्ता तर गारच झाली. (तशी ती आधीच झाली होती.) पण त्यावर तुम्ही "दुसऱ्यात टाक आणि दोघं मिळून ढकला" म्हणालात. बाबा, ही ऑटोमॅटिक आहे. क्लचच नाही, तर सोडू काय?

शेवटी समोरचे फिलिपिनो आजोबा केबल घेऊन आले. लाल लालला, काळी त्यांच्या बॅटरीला, आणि काळीचं शेवटचं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. पाच मिनिटांत गाडी खाकरली. त्यांनीच सांगितलं, बॅटरीला सहा वर्षं झालीत, आता बदला.

नवी दोनशे साठ डॉलर. गुणाकार करू नका. केलात ना? सोळा हजारांच्या पुढे. वर वीस डॉलर अनामत, जुनी बॅटरी आणून दिली की परत. इथे भंगारवाला दारात येत नाही, आपणच भंगार घेऊन त्याच्या दारात जायचं. तुम्ही फियाटची बॅटरी डिस्टिल्ड वॉटर पाजून पाजून किती वर्षं ओढलीत, ते आजोबांना सांगितलं. भाषा अर्धीच कळली, पण मान डोलावली.

त्या टिक्-टिक्नं एक झालं. आयर्विन पूल आठवला. पुलावर बंद पडलेली फियाट, मागून ढकलणारे मी आणि दादा, आत साडी सावरत "मी उतरू का?" विचारणारी आणि कधीच न उतरणारी आई. आणि तुम्ही चोक ओढून ओरडताय, "अजून जोर!" पार्किंगमध्ये चष्म्यावर बर्फ जमला, असं मुक्ताला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

दादा म्हणाला, फियाट भंगारात द्यायची ठरलीय, अंगणात जागा अडते म्हणून. जूनपर्यंत थांबा. आम्ही बारा तारखेला येतोय. सुरू होत नसली तरी चालेल, चिनूला एकदा ढकलायची आहे.

तिसरी शिट्टी झाली. थांबतो.

तुमचा,
अवि

ता. क. आई, भाजणी पोचली. डब्याला तू तीन पिशव्या आणि चार गाठी मारल्या होत्यास, त्या सोडवायला बॅटरी बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला. तीस डॉलरचं नानाकाकांना सांगू नका.