पाण्याचा थेंब नाही!

पोपटीवाले काका ओळखायला अलिबागला जावं लागत नाही. डिसेंबर लागला, वालाच्या ओल्या शेंगा बाजारात दिसू लागल्या, की ते ठाण्यात, पनवेलीत, डोंबिवलीत आपणहून प्रकट होतात आणि पहिल्याच वाक्यात सांगतात, "पाण्याचा एक थेंब नाही हं!" कशात, असं विचारायची सोय नसते, कारण उत्तर सुरू झालेलंच असतं. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, रताळी, कांदे, अंडी, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, मधूनमधून ओवा आणि खडे मीठ, तोंडाशी पुन्हा पाला गच्च. मडकं उपडं घालायचं, भोवती पेंढा आणि गोवऱ्या रचून पेटवायचं, पाऊणएक तासात पोपटी तयार. कृती एवढीच. काका मात्र ती भागवत सप्ताहासारखी लावतात, आणि दर अध्यायाच्या शेवटी पाण्याचा थेंब नसतो. शेंगा शिजतात कशात? स्वतःच्या रसात. कोंबडी? पाल्याच्या वाफेवर. तेल? "तेलाचंही नाव नाही, पण तेलाचं सोडा हो, पाण्याचा..." बारशाला गेले तरी हेच, बँकेच्या रांगेत उभे राहिले तरी हेच. दातांच्या डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तर ती संधीच.

या थेंबामागे काकांचा एक मोठा दावा असतो: माणसाने जेवण कसं साधं, स्वस्त आणि सोपं ठेवावं. हॉटेलात जाऊन पैसे कशाला उधळायचे? पाला बांधावरचा, पेंढा शेजारच्यांचा, विस्तव देवाचा, खर्च म्हणाल तर मडक्याचा नि शेंगांचा. चार कुटुंबं पोटभर जेवतात. दावा ऐकायला गोड आहे आणि थोडा खराही आहे. पण तो तपासून पाहिला तर खरेपणा नेमका पाऊण तासापुरता निघतो, म्हणजे मडकं जाळात असतं तेवढाच वेळ. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काकांच्या हिशेबात कुठेच नसतं. माझं म्हणणं असं की काकांना स्वयंपाकाची आवड आहे हे खरं, पण ती आवड डोक्यावर छप्पर आलं की विझते. ओट्यापाशी त्यांना साधी काडेपेटी सापडत नाही. अंगणात तेच ओल्या पेंढ्यातून जाळ काढून दाखवतात.

हा केवळ रायगडचा गुण असता तर खाऱ्या हवेला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण थंडी पडली की खानदेशात हाच गृहस्थ भरीत पार्टीला हजर असतो. कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांचा जाळ, त्यावर हिरव्या अंगाची, पांढऱ्या रेघांची वांगी, आणि तोंडात "गॅसवर भाजलेल्याला ही चव नाही." जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर ते स्वतःलाच मिळाल्यासारखे बोलतात. विदर्भात ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे पुरतात, सोलापूर-नगरकडे हुरड्याच्या आगटीशी बसून तळहातावर कणीस चोळतात. साता समुद्रापलीकडेही त्यांची शाखा आहे. शिकागोच्या बाजूला जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस धातुकामाच्या कारखान्यात होता. तिथे पाण्यावर तरंगणारे बोये बनत. १९५२ साली त्याने एका बोयाचा गोळा अर्धा करून त्याची झाकणाची गोल शेगडी केली आणि अमेरिकेतल्या परसदारांना नवरे मिळाले. आज न्यू जर्सीतला मराठी काका चार जुलैच्या सुट्टीत त्याच शेगडीपुढे चिमटा घेऊन उभा असतो आणि "प्रोपेन नाही, कोळसाच!" असं बजावत असतो. पनीर-मिरच्या ओवायच्या बांबूच्या काड्या जळू नयेत म्हणून आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. त्या कोणी भिजवल्या, हे त्याला विचारू नये.

छप्पर का सोसत नाही? कारण घरातल्या स्वयंपाकाला प्रेक्षक नसतात आणि शेवटही नसतो. दुपारची भांडी आवरेपर्यंत संध्याकाळच्या भाजीची चिंता सुरू. पोपटीला आरंभ आहे, मध्य आहे, आणि मडकं रिकामं करताना वाफेबरोबर उठणारं "वाऽऽ" आहे. आपल्याकडच्या पुराणपुरुषांचीही साक्ष काढता येते. भीमाने राजवाड्याचा मुदपाकखाना सांभाळला तो बल्लव हे नाव घेऊन, अज्ञातवासात. नळराजाच्या हातचा स्वयंपाक इतका गाजला की नळपाक हा शब्द उरला, पण ऋतुपर्णाकडे तो नोकरीला होता तोही दुसऱ्याच नावाने आणि दुसऱ्याच रूपात. उघडपणे, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरी, रोज संध्याकाळी वरणभाताचा कुकर लावल्याची नोंद दोघांच्याही नावावर नाही.

आता तो न मांडलेला हिशेब. शेंगा आदल्या रात्री निवडाव्या लागतात. किडकी शेंग एक जरी गेली तरी तिची चव बाजूच्या दहांना लागते. निवडल्या की धुवायच्या, कारण शेताची माती. आणि धुतल्या की एकेक शेंग फडक्याने पुसून कोरडी करायची. कशासाठी? तर पाण्याचा थेंब नको म्हणून! काकांच्या त्या जगप्रसिद्ध थेंबाची ही खरी जन्मकथा: तो नसतो, कारण काकूंनी रात्री साडेअकरापर्यंत बसून तो टिपलेला असतो. मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण, बटाट्यांना चिरा देऊन त्यात मसाला भरणं, केळीचं पान फाटू नये म्हणून आचेवर शेकून मऊ करणं, कोंबडीच्या पुड्या बांधणं. शिवाय लहान मुलं शेंगा खात नाहीत, म्हणून घरात गॅसवर एक कुकर वरणभाताचा. शिवाय कुणाचा तरी उपवास निघतो, म्हणून साबुदाणा. काका हे सगळं "तयारी" या एका शब्दात बसवतात आणि तो शब्दही घाईने उच्चारतात. दुसऱ्या दिवशी काजळी धरलेली पातेली, वाटणाने पिवळे पडलेले डबे, अंगणभर सालं आणि राख यांच्यासाठी लागणारं पाणी थेंबांत मोजायचं झालं तर गावची टाकी पुरायची नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो बहुधा काकूच घेतात: "निदान करतात तरी! आमच्या शेजारचे ताटही उचलत नाहीत." आक्षेप वजनदार आहे. काहीच न करणाऱ्यांपेक्षा वर्षातून चार वेळा करणारा बरा, हे कोण नाकारेल? पण चारच वेळा करून तो बाराही महिने बोलतो, तिथे तोल जातो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकामात हात लावणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी निघाली २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. तीही हात लावणाऱ्यांचीच, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस. २०२४ ला पुन्हा पाहणी झाली तेव्हा आकडे होते २८९ आणि ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली. ती आपण उचलावीत असं पुरुषांना वाटलं नाहीच, उलट त्यांनीही आपली नऊ मिनिटं कमी करून घेतली. काकांच्या हिवाळ्यातल्या चार पोपट्या, प्रत्येकी पाऊण तास, वर्षावर पसरल्या तर दिवसाला अर्धं मिनिट पडतं. या अर्ध्या मिनिटावर उरलेले जवळजवळ चोवीस तास व्याख्यान चालतं, झोपेची वजावट धरून थोडं कमी.

दुसरा आक्षेप काकांचा स्वतःचा: अहो, पोपटीत कला आहे, रोजच्या जेवणात काय आहे? इथे काका पुरते सापडतात. साधं, स्वस्त आणि सोपं या तिन्ही कसोट्यांना उतरणारं जेवण मराठी घरात केव्हापासून आहे. मुगाच्या डाळीची खिचडी आहे, पिठलं-भात आहे, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी होणारा कुस्करा आहे. मूठभर डाळ, तांदूळ, हळद-हिंगाची फोडणी, कुकरच्या तीन शिट्ट्या, वर तूप आणि पोह्याचा पापड. दमून आलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काही नको असतं. ही खिचडी काका कधी लावत नाहीत, आणि "त्यात काय आहे?" हे कारण खोटं आहे. खरं कारण मुलीच्या बाळंतपणासाठी काकू सहा महिने अमेरिकेला जातात तेव्हा बाहेर पडतं. डबेवाल्या बाईंच्या भाजीला आठ दिवसांत कंटाळून काका एका संध्याकाळी कुकर काढतात, डाळ-तांदूळ धुतात आणि तिकडे किती वाजलेत याचा विचार न करता फोन लावतात. "अगं, एका वाटीला पाणी किती?" आयुष्यभर पाण्याच्या न घातलेल्या थेंबाचा अभिमान बाळगलेल्या माणसाला घालायचं पाणी मोजता येत नाही. काकू झोपेतच सांगतात. आसट हवी तर साडेतीन, मोकळी हवी तर अडीच. काका कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवतात.

इतकं झाल्यावर काकांच्या बाजूने एक मुद्दा उरतो, आणि तो मनाविरुद्ध का होईना मांडावाच लागतो. आपल्या घरगुती जेवणाची सगळी चव गरमपणात आहे, आणि गरमपणाची किंमत एका माणसाने भरायची असते. तव्यावरची भाकरी थेट पानात पडायची तर एकजण तव्यापाशी हवा. तो एकजण, म्हणजे ती एक, सगळ्यांचं झाल्यावर, थंड भाकरी नि तळाला उरलेली भाजी घेऊन बसते. पोपटीत ही व्यवस्था मोडते. मडकं एकदाच उघडतं आणि सगळ्यांसाठी एकदम उघडतं. वाढायला कुणी मागे राहत नाही, कारण वाढायचं काही नसतंच. कागदावर ढीग ओतला की आजीपासून नातवापर्यंत सगळे त्याभोवती मांडी घालतात, काकूसुद्धा. वाफाळलेल्या शेंगेचं टोक दातात धरून दाणे ओढायचे, साल भिरकावायची. काकूंना या पंगतीत चटका बसेल इतकं गरम खायला मिळतं, आणि हे घडवून आणायला काकांना कुठलाही सुधारणावाद लागलेला नाही. त्यांना ते ठाऊकही नाही. ते जाळापाशीच उभे असतात, धुराने डोळे लाल, एका पायात चप्पल. मडकं झालं की नाही हे पाहायला वरून पाण्याचा शिपका मारतात. चर्रकन आवाज होऊन पाणी जागच्या जागी उडालं की पोपटी झाली. (होय, पाणी. हा थेंब मडक्याच्या बाहेर पडतो, सबब धरायचा नाही, असा काकांचा निकाल आहे.) मग दुसऱ्या मडक्याची तयारी. त्यांच्या वाट्याला येतात त्या शेवटच्या, तळाच्या, जरा करपलेल्या शेंगा. त्याच खऱ्या चवीच्या, असं ते म्हणतात, आणि या एका बाबतीत त्यांच्यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे.

मात्र काकांचे दिवस भरत आले आहेत. भात कापल्यावर त्याच शेतात, जमिनीतल्या उरल्या ओलीवर वाल व्हायचा. मुंबईच्या पैशाने त्या शेतांचे प्लॉट केले, प्लॉटवर बंगले उठले, आणि भांबुर्डी, जी कुणी कधी लावली नव्हती, ती कुंपणापलीकडे गेली. आता त्याच बंगल्यांवर 'पोपटी नाइट' असते: माणशी दर, पोहण्याचा तलाव, गाणी, रात्रीचा मुक्काम. मडकं लावायला पगारी माणूस असतो. तो शिपका मारत नाही, मोबाइलवर गजर लावतो. शेंगा निवडायला, पुसायला आणि भांडी घासायला गावातल्या दोन बायका रोजावर असतात. मुलं हौसेने काकांना तिथे घेऊन जातात. काका पाल्याला नावं ठेवतात, मडक्याला टिचकी मारून पाहतात, आणि बिल आलं की चष्मा पुसून दोनदा वाचतात. एवढे पैसे कशाचे, असं ते व्यवस्थापकाला दरडावून विचारतात. तो बिचारा एकेक बाब सांगत जातो: शेंगा, कोंबडी, लाकूड, आचारी, दोन बायकांची मजुरी. "मजुरी?" काका म्हणतात. "आमच्या घरी करतो आम्ही, मजुरी-बिजुरी काही लागत नाही." काकू शेजारीच उभ्या असतात. त्या व्यवस्थापकाकडून त्या बायकांचा रोज किती, ते विचारून घेतात.