एक्सेप्शन हरवलं आहे

डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर दोन भाषांत लिहिलं की घरात दोन कर्ते होतात. आमच्या वजनकाट्याच्या प्रोग्रॅमचंच बघा. वर सी शार्पमधली देखणी खिडकी, खाली सी प्लस प्लसमधली कष्टाळू डीएलएल. ट्रक काट्यावर चढतो, डीएलएल सिरियल पोर्टवरून वजन वाचते, खिडकीत आकडा दिसतो, पावती निघते. केबल निसटेपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं चालतं.

केबल निसटली की डीएलएल इमानेइतबारे एक्सेप्शन फेकते. आत स्वच्छ मजकूर: 'कॉम ३ पोर्ट उघडत नाही.' पण सी शार्पची हद्द ओलांडताना तो मजकूर गळून पडतो. विंडोजवर खिडकीत उमटतं काय, तर 'एक्स्टर्नल कंपोनंट हॅज थ्रोन ॲन एक्सेप्शन'. सोबत ८०००४००५ हा कोड, ज्याचा अधिकृत अर्थ 'अनस्पेसिफाइड एरर'! डीबगर लावून खोदलं तर ई०६डी७३६३ हाती लागतो. त्याचे शेवटचे तीन बाइट अक्षरांत वाचले की निघतं 'एमएससी', म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सी कंपायलर. जखमीला 'कुठं लागलं?' विचारावं आणि त्यानं फक्त आडनाव सांगून डोळे मिटावेत, तसला प्रकार.

काट्यावरचा माणूस फोनवर एवढंच म्हणतो, "साहेब, काटा बोलंना. मागं गाड्यांची लाइन लागलीय."

आमच्यातल्या एका सद्गृहस्थानं यावर जालीम उपाय काढला: सी शार्पमध्ये रिकामा कॅच. फोन ताबडतोब बंद! खिडकीत मात्र आधीच्या ट्रकचं वजन तसंच राहायचं आणि पुढच्या गाडीला त्याचीच पावती मिळायची. ज्यांच्या गाड्या अर्ध्या भरलेल्या होत्या, त्यांनी कधीच तक्रार केली नाही.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. एक्सेप्शन डीएलएलच्या दारातच पकडायचं, मजकूर जपून ठेवायचा, बाहेर फक्त एक आकडा द्यायचा. तो शून्य नसेल तर सी शार्पनं वेगळ्या फंक्शनकडून मजकूर मागून घ्यायचा आणि आपलं एक्सेप्शन फेकायचं. हे प्रत्येक फंक्शनला. म्हणूनच ते राहून जातं. पायथन आणि सी प्लस प्लसची अशीच जोडी जमवणाऱ्या पायक्यूटीवाल्यांनी ५.५ आवृत्तीपासून वेगळाच बाणा दाखवला: स्लॉटमधलं पायथनचं एक्सेप्शन कुणी पकडलं नाही, तर अख्खा प्रोग्रॅमच बंद. आडमुठेपणा खरा, पण खोट्या पावतीपेक्षा मला तो परवडतो.

तेव्हा रिकाम्या कॅचवाल्यांनो, बाकी काही जमलं नाही तरी निदान 'केबल तपासा' एवढं तरी त्या खिडकीत लिहा.